सापांच्या खाद्यासाठीचे उंदीर आणि घरी बनवलेला कार्बन डायऑक्साइडचा डबा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी परदेशी साप पाळणारी माणसे पुण्या-मुंबईत आता नवलाची राहिलेली नाहीत आणि मी त्यांपैकीच एक आहे. माझ्याकडे पश्चिम आफ्रिकेतल्या जातीचे दोन बॉल पायथन आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते, ती मी केलेली आहे. नोंद होते ती सापाची. त्याच्या पोटात जाणाऱ्या उंदरांना मरण कसे येते, हे मात्र पूर्णपणे पाळणाऱ्याच्या विवेकावर सोडलेले असते, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

जिवंत उंदीर सापापुढे सोडू नये, कारण भेदरलेला उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो आणि बंद पेटीत त्या उंदराला पळायला जागाही नसते. म्हणून खाद्य आधी मारून, गोठवून, देताना कोमट करून देण्याची पद्धत आहे. प्रश्न मारण्याचा आहे. उंदीर भिंतीवर आपटणे, पाण्यात बुडवणे किंवा जिवंतच फ्रीजरमध्ये ठेवणे हे प्रकार चालतात आणि ते निर्दय आहेत हे करणाऱ्यालाही कळते. ज्यांना ते सहन होत नाही, ते प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून नळी बसवतात, दुसऱ्या बाटलीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळतात आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड डब्यात सोडतात. उंदीर त्यात झोपी जातो, असे त्यांना मनापासून वाटते. मलाही तसेच वाटत होते.

माझा डबा वीस लिटरचा होता आणि त्यासाठी मी दोन चमचे सोडा व कपभर व्हिनेगर वापरत असे. पुढे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा आपण काय करत होतो ते लक्षात आले. चौऱ्याऐंशी ग्रॅम सोड्यापासून साधारण चोवीस लिटर वायू तयार होतो, म्हणजे माझ्या दोन चमच्यांतून, दहा ग्रॅम धरले तर, तीन लिटरही निघत नव्हता. हवेत मिसळल्यावर डब्यात त्याचे प्रमाण जेमतेम तेरा-चौदा टक्के होत असणार. एवढ्याने उंदीर मरत नाही, तो धापा टाकत राहतो. त्या डब्यात साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचायचे तर सुमारे सत्तर ग्रॅम सोडा आणि लिटरभर व्हिनेगर लागेल. तरीही वायू किती वेगाने येतो यावर आपला काहीच ताबा नसतो. पहिल्या उसळीत बराचसा येतो आणि मग मंदावतो.

हा ताबाच येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्बन डायऑक्साइड नाकाच्या व डोळ्यांच्या ओलसर त्वचेवर कार्बोनिक आम्ल बनवतो. शुद्धीवरच्या उंदराला दाट वायूत एकदम टाकले तर ते त्याला झोंबते, आणि वायू फार सावकाश सोडला तर गुदमरण्याची भीती लांबत जाते. म्हणून अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या मार्गदर्शनात दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के इतकाच वायू सोडावा, असे सांगितले आहे. वीस लिटरच्या डब्यासाठी तो सहा ते चौदा लिटर होतो. त्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर आणि प्रवाह मोजणारे मीटर हवे. श्वास थांबल्यावरही वायू काही काळ चालू ठेवावा लागतो आणि मृत्यूची खात्री दुसऱ्या उपायाने करावी लागते. एवढे करूनही हे मरण वेदनारहित नसते, हे मान्य केले पाहिजे. तो वापरला जातो याचे मोठे कारण म्हणजे मेलेल्या उंदराच्या अंगात तो विष म्हणून राहत नाही. भुलीच्या इंजेक्शनाने मारलेला प्राणी खाणाऱ्याच्या जिवावर बेततो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली गुरे खाऊन आपली गिधाडे कशी संपत गेली, हे महाराष्ट्राने पाहिलेलेच आहे.

मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते पिल्लांनी. नुकत्याच जन्मलेल्या, केसही न फुटलेल्या पिल्लांना पाळणारे ‘पिंकी’ म्हणतात आणि लहान सापांना तीच लागतात. गर्भात कमी प्राणवायूवर राहिलेले हे जीव या वायूला विलक्षण तोंड देतात. जन्मदिवशीच्या पिल्लाला शुद्ध वायूतही मरायला पन्नास मिनिटांपर्यंत लागू शकतात. माझ्या डब्यातून बाहेर काढलेली चार पिल्ले निपचित होती. ती मेली असे समजून मी ती कागदावर ठेवली आणि दहा मिनिटांनी त्यांतली दोन हलू लागली. मी त्यांना फ्रीजरमध्ये ठेवणारच होतो. ज्याने ज्याने असा डबा वापरला आहे, त्याने आपल्या फ्रीजरमध्ये काय गेले असेल याचा एकदा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. इतक्या लहान पिल्लांसाठी प्रयोगशाळांमध्ये तीक्ष्ण कात्रीने क्षणात शिरच्छेद करणे मान्य आहे. ऐकायला ते भयंकर वाटते, आणि डबा मात्र सौम्य वाटतो, कारण झाकण लावले की आपल्याला काही दिसत नाही.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरासाठी १९९८ पासून स्वतंत्र नियम आणि देखरेख समित्या आहेत. तसाच उंदीर सापाचे खाद्य म्हणून विकला गेला की त्याच्यासाठी उरतो तो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्यात अनावश्यक क्रूरतेने प्राणी मारण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे.

माझी सूचना साधी आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांनी या विषयावर मराठीत लेखी मार्गदर्शन तयार करावे, त्यात पिल्लांचा स्वतंत्र उल्लेख असावा आणि पाळणाऱ्यांना प्रत्यक्ष शिकवण्याची सोय करावी. परदेशी सापाची नोंदणी करतानाच ही माहिती मालकाच्या हाती पडली तर उत्तम. तोवर ज्यांना शिकून घेणे शक्य नाही, त्यांनी घरी मारण्याचा प्रयत्न न करता, उंदीर कसे मारले जातात हे सांगायला तयार असलेल्या विक्रेत्याकडूनच गोठवलेले खाद्य घ्यावे. तो सांगायला तयार नसेल, तर आपल्या पशुवैद्याला विचारावे. मी सध्या तेच करतो आहे. डबा मोडून टाकला आहे.

आपला,
एक वाचक, पुणे