दाढ दुखली तर माझी वाट बघू नका

ती. आई आणि ती. आण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर काही धड बोलणं होत नाही. आण्णा "बरं आहे गं, ठेव" म्हणतात आणि आई मागून भाजी कुठली केली ते सांगते. म्हणून लिहून पाठवतेय. आण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायचं, आईनं ऐकायचं, मधलं काही गाळायचं नाही.

आधी अवघड ते सांगून टाकते. कोल्हापूरच्या शाखेची बदली मी नको म्हणून कळवलंय. कळवलंय म्हणजे सही करून दिलंय. चिनूची दहावी आहे, ह्यांची नोकरी इथली पुण्याची, फ्लॅटचे हप्ते दोघांच्या पगारावर चाललेत. शिवाय आत्ता आले असते तर प्रमोशन सोडून यावं लागलं असतं, आणि आण्णा, तुम्हालाच ते रुचलं नसतं. तुमच्या गारगोटीच्या वेळचं आई अजून बोलून दाखवते, विसरला नाही ना? तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून मी हे केलं असं कृपा करून मनात आणू नका. सुट्ट्यांना येणारच आहे. गॅसचं बुकिंग, लाइटबिल मी इथून करते तसंच करत राहीन. मावशी दोन्ही वेळ येतील, त्यांच्याशी बोलले आहे. रात्री कधीही लागलं तर तालमीजवळच्या रिक्षावाल्या मामांना हाक मारायची, त्यांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवायला सांगितलाय.

आता दुसरं. आण्णांचा गाल सुजला होता हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? रात्रभर गालाला गरम मिठाची पोटली, हिरडीवर दाबून धरलेली ॲस्पिरिनची गोळी, वरून कपाटात कधीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल. आणि सकाळी विचारलं तर "उतरलं जरा". मी रागावत नाहीये. पण आण्णा, गोळी हिरडीवर ठेवली की ठणका जात नाही, उलट तिथली कातडी भाजते. बाहेरून शेकल्यानं सूज वाढते. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरायचा, दहा-पंधरा मिनिटं, मग थोडं थांबून परत. कोमट मिठाच्या पाण्यानं हळू खळखळून चूळ भरायची. लवंगेचं तेल कापसाला अगदी थेंबभर, तेही किडलेल्या दातावर. हिरडीवर ओतायचं नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल 650, दोन गोळ्यांत निदान सहा तास, दिवसाकाठी चारच्या वर नाही. मेडिकलमधला पोरगा "ही घ्या काका, जोरात आहे" म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देईल, ते घ्यायचं नाही. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यात ही पडली तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि उरलेल्या कॅप्सूल मी आले की फेकणार आहे, आईनं लपवून ठेवू नयेत.

एवढं करून दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडं जायचंच, कमी वाटलं तरी. दाढेचा ठणका आपोआप थांबला म्हणजे बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. पू तिथंच असतो आणि वाट शोधत असतो.

आई, आता तू नीट ऐक, कारण आण्णा सांगणार नाहीत, तुलाच बघावं लागेल. सूज गालावरून हनुवटीखाली किंवा गळ्याकडं उतरायला लागली, जिभेखाली फुगलं, तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळायला लागली, श्वास जड झाला, आवाज घोगरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर दाताचा दवाखाना शोधत बसायचं नाही. सरळ सीपीआर, आपला मोठा सरकारी दवाखाना. तिथली कॅज्युअल्टी रात्रंदिवस उघडी असते. श्वासाला त्रास असेल तर रिक्षासुद्धा नको, अँब्युलन्सचा 108 लावायचा, पैसे पडत नाहीत. ही सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते. मी पुण्याहून निघाले तरी साडेचार-पाच तास, आणि तिथं जवळ कागलात राहत असते तरी मी काही ऑपरेशन करणार नव्हते. तेव्हा "तिला कळवू आणि बघू" हे डोक्यातनं काढून टाका. आधी रिक्षात बसा, मग फोन करा.

आणखी एक, आण्णांना ही माझी कटकट वाटेल. खालचा जबडा दुखतोय, पण दात नेमका कुठला ते सांगता येत नाही. जिना चढताना दुखतं, बसलं की थांबतं. सोबत घाम, छातीवर दडपण, दम लागतो. ही दाढ नव्हे. स्टेंट बसवलेल्या माणसानं तर मुळीच दाढ समजू नये. तेव्हाही 108 च.

दाढ काढायची वेळ आली तर रक्ताची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर काय ते ठरवतील. बरेचदा चालूच ठेवतात. घरी आल्यावर रक्त आलं तर स्वच्छ गॉजची घडी त्या जागेवर ठेवून घट्ट चावून धरायची, घड्याळ लावून अर्धा तास. दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही, थुंकायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही. लाळेत मिसळून थोडं रक्त भरपूर दिसतं, त्याला घाबरू नका. एवढं करूनही भळभळ थांबली नाही तर परत सीपीआर.

माझा पटाशीचा दात काढला होता ते आठवतं? खासबागेत भेळ पाहिजे म्हणून मी रडत होते आणि आण्णा, तुम्ही स्कूटरवर मला पुढं उभी करून गल्लोगल्ली आइस्क्रीम शोधत होता. माझे पडलेले दात तुम्हीच कौलावर फेकायचा, "उंदीरमामा, चांगला दे रे" म्हणत. अजून मला दाताच्या खुर्चीत बसले की तुमचा हात धरावासा वाटतो. यावेळी मी तुमचा धरला असता. ते होत नाहीये, म्हणून हे एवढं लांबण लावतेय.

चिनूचा भाऊ मे महिन्यात येईल, गच्चीवर क्रिकेट खेळेल, तेव्हासाठी सांगून ठेवते. पुढचा पक्का दात मुळासकट निखळला तर पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचा नाही. माती लागली असली तर दुधानं नुसता विसळायचा आणि जमलं तर तसाच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर वाटीभर गार दुधात टाकून पळत सुटायचं. अर्धा तास उत्तम, तासाभरानंतर आशा कमी होत जाते. साध्या पाण्यात ठेवायचा नाही. गंगावेशीतल्या दुधाचं एवढं कौतुक करता, त्याचा हाही उपयोग! मात्र दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

आईची कवळी तुटली तर फेविक्विक नको, तुकडे डबीत घालून घेऊन जा. दातावरून निघालेल्या कॅपचंही तेच. आणि आई, तुझी हाडांची आठवड्याची गोळी चालू आहे हे कुठलाही दात काढायच्या आधी सांग, त्यानं जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो. मिश्रीचं मी बोलणार नव्हते, पण तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर लपवायचा नाही.

रविवारी बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून सोमवारची वेळ मी राजारामपुरीत घेऊन ठेवलीय. सकाळची अकराची. विचारून घेतली नाही, घेतली. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत, हृदयाची फाईल बरोबर, आणि पोटभर नाश्ता करून जायचं. आईनंही दात दाखवायचे. साखर आहे तिला, खिशात साखरेची पुडी राहू दे. कवळी नवी करायची झाली तर नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेजला मी आले की जाऊ, लांब आहे, घाईचं नाही.

दाढ काढली तर चार दिवस मुगाची खिचडी, मऊ भात, ताक. पांढरा रस्सा कोमट करून चालेल. तांबडा नाही. नळी तर नाहीच, आण्णा.

वाचून झालं की मिस्ड कॉल द्या. मोबाईल रात्री उशाशी ठेवा, सायलेंट नको.

तुमची,
सुमी

ता. क. दाढेचं मिटेपर्यंत भडंगाचा डबा घरात नको. काकूंचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय, सगळा त्याच्याबरोबर इकडं पाठवा.