फिनॉल-पाण्याच्या प्रयोगासाठी मामांचे आभार

आदरणीय मामा,
सा. न.

प्रयोगशाळेतले मामा म्हणून फिनॉल-पाण्याचा प्रयोग तुम्ही आमच्याकडून नीट करून घेतलात, त्याबद्दल आमच्या बॅचतर्फे हे पत्र. ही दोन थंड असताना पूर्ण मिसळत नाहीत, मिश्रण गढूळ राहतं; पुरेशी तापवली की मिसळून नितळ होतात. कृती जर्नलमध्ये होतीच. ती तशीच का करायची, हे तुमच्याकडून कळलं.

5 ग्रॅम फिनॉलवर ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, तोटीच्या नळीतून) आधी 3 मिली पाणी, मग दरवेळी 2 मिली. नळी मोठ्या नळीत बसवूनच गरम पाण्यात धरायची, म्हणजे मधल्या हवेमुळे ती सावकाश तापते आणि, जास्त महत्त्वाचं, सावकाश निवते. गढूळपणा जातो ते तापमान आणि परतून येतो ते तापमान यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला, तर घाई झाली, पुन्हा करायचं.

पाणी डिस्टिल्डच का? क्षार पाण्यात विरघळतात, फिनॉलमध्ये जवळजवळ नाहीत. ते पाणी स्वतःकडे ओढतात आणि फिनॉल बाहेर पडतं. 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइडनेही क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर दोन्ही कुठल्याही प्रमाणात मिसळतात ते, सुमारे 8 अंशांनी चढतं. साबणाचं दोघांशीही जमतं, म्हणून त्याने ते उतरतं.

पण सगळ्यात मोठे आभार त्या मधल्या रेघेसाठी. प्रमाण आणि मिसळण्याचं तापमान यांच्या आलेखाचा माथा म्हणजे क्रांतिक बिंदू; तो इतका सपाट असतो की 66 अंशांच्या आसपासचं तापमान सहज मिळतं, पण फिनॉलचं 34 टक्के प्रमाण त्यावरून वाचता येत नाही. तुम्ही म्हणालात, नळी निवताना थर कुठे सुटतो ते बघा. पाणी जास्त असेल तर फिनॉलचा थर तळाशी धरतो, फिनॉल जास्त असेल तर पाण्याचा थर वर. 9 मिलीनंतर अर्धा-अर्धा मिली घालत गेलं की एका वेळी दोन थरांमधली रेघ ऐन मध्यावर उमटते. तेच क्रांतिक प्रमाण! अशी नळी निवताना गढूळ होण्याच्या किंचित आधी तिच्यात निळसर झाक येते आणि आरपार पाहिलं तर दिवा तांबूस दिसतो. ही झाक म्हणजे गढूळपणा नव्हे. गढूळ झालं की तापमापकाचा फुगाच दिसेनासा होतो. आइन्स्टाइनने 1910 साली ज्या प्रकाश-विखुरणीचं गणित मांडलं, ती आम्ही तुमच्या टेबलावर डोळ्यांनी पाहिली.

आणि हातमोज्यांचा तुमचा आग्रह. फिनॉल कातडीवर पडलं की आधी बधिर होतं, पांढरा डाग पडतो, दुखतं मागाहून. तुमच्यामुळे आमच्यापैकी कुणाच्याही हातावर तो डाग नाही.

आपली,
तृतीय वर्ष रसायनशास्त्राची बॅच