घरातले मोडी लिपीतले कागद बाहेर काढा: शिरोळ तालुक्यातील सर्वांना आवाहन

ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला असलेल्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्याचा इतिहास म्हटला की नृसिंहवाडीचा संगम आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर यापलीकडे आपण सहसा जात नाही. राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. पण 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, तेव्हा आपल्या गावातली शाळा कुठे भरत होती? प्लेगात गाव रानात राहायला गेले, ते कुणाच्या शेतात? हे शोधायचे तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाऊन करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानचे दफ्तर चाळायला हवे. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले, कागद मात्र राहिले. आमच्या वाचनालयाने गाववार नोंदी उतरवून घेण्याचे हे काम हाती घेतले आहे.

दफ्तरात दिसते ती सरकारची बाजू. गावाची बाजू आपल्या घरांत आहे, माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्यामागे, जुन्या पितळी डब्यात. वतनाचा किंवा शिवेचा तंटा मिटला की त्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसमोर लिहिलेला निवाड्याचा कागद, होत असे. त्याच्या तळाशी साक्षीदारांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. लिहिता न येणाऱ्या माणसाने भर गोतात, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावसभेत, उमटवलेली आपली ओळख आहे ती, आणि असा एक कागद सापडला की सगळा गाव डोळ्यांपुढे उभा राहतो.

2019 आणि 2021 च्या महापुरात असे किती कागद लगदा होऊन गेले, ते घराघरांत माहीत आहे. पुन्हा पाणी चढायच्या आत उरलेल्यांची छायाचित्रे व्हायला हवीत. म्हणून विनंती, कागद वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आहे तसा, सुती कापडात गुंडाळून आणा. तुमच्यासमोर छायाचित्र काढून मूळ कागद लगेच तुमच्या हाती परत देऊ. जमिनीच्या वादाची धास्ती अनेकांना वाटते, आणि ती रास्त आहे. घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणाचाही कागद दुसऱ्या कुणाला दाखवला जाणार नाही.

दुसरी गरज मोडी जाणणाऱ्यांची. कुणबी नोंदींच्या शोधात कचेऱ्यांतली दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरलेत ते साऱ्या महाराष्ट्राला कळले. नुसती अक्षरे ओळखून भागत नाही. कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे साल असते. ते अरबी शब्दांत लिहिलेले शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना) 1173, म्हणजे इसवी सन 1772-73, हे लावता यावे लागते. निवृत्त शिक्षक, तलाठी, भूमिअभिलेखातले जुने कर्मचारी, आपण आठवड्यातून एक संध्याकाळ दिलीत तरी पुष्कळ झाले. कॉलेजच्या मुलामुलींसाठी मोडीचा वर्ग विनाशुल्क चालवायचा आहे. शिकवणारे मिळाले की लगेच सुरू करू.

पैशाचीही गरज आहे. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर, छायाचित्रे साठवायला दोन हार्ड डिस्क (एक पुराच्या रेषेबाहेर ठेवायची), आम्लविरहित कागदाच्या पेट्या आणि बासनांसाठी (कागद बांधून ठेवायच्या फडक्यांसाठी) मांजरपाट, एवढाच खर्च आहे. रक्कम कितीही चालेल, पावती घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावू. वस्तूरूपात द्यायचे असेल तर एखादी पेटी किंवा तागाभर कापडही स्वीकारू.

कागद आणताना घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत आणावे. तो घरात कसा आला, त्यातली नावे कुणाची, हे त्यांनाच माहीत असते, आणि आम्ही ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी निरोप द्यावा, कार्यकर्ते घरी येतील.