मिक्सर जोडायला बसण्याआधी

प्रिय दोस्ता,

आपल्या भजनी मंडळाने आवाजाचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र, घेतला हे वाचून खूप आनंद झाला. गेल्या सप्त्याला मी सभामंडपाच्या अगदी टोकाला बसलो होतो. झांज आणि मृदंग पोचत होते, पण अभंगाचा शब्द कळत नव्हता. बुवांचा आवाज आता बारीक झालाय, शब्द मात्र तसेच स्वच्छ आहेत. ते मागच्या रांगेपर्यंत गेलेच पाहिजेत.

आधी विजेचं. मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घे. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेस तर अर्थिंगचा फेरा तयार होऊन ५० हर्ट्झची घूं सुरू होऊ शकते. ती घालवायला काहीजण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तू काढू नकोस, कुणाला काढू देऊ नकोस. पावसाळ्यात ओल धरलेल्या फरशीवर बसून बुवा लोखंडी जाळीचा माईक हातात धरतात, हे विसरू नकोस.

माईकला दोन्ही टोकांना कॅनन पिन (तीन काड्यांची, एक्सएलआर) असलेली केबल वापर. तिच्यातल्या दोन तारांवर आवाज एकमेकांच्या उलट जातो, वाटेत शिरलेली खरखर दोन्हींवर सारखीच चढते आणि मिक्सरमध्ये वजा होते. म्हणून १५ मीटर लांब असली तरी चालते. माईकला पी-३८ पिनची (एकाच जाड काडीची) साधी केबल लावलीस तर हा फायदा गेला. ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माईकसाठी, म्हणजे ज्याला चालायला मिक्सरकडून वीज लागते त्यासाठी असतं. तुमचे माईक डायनॅमिक आहेत, त्यांना ही वीज लागत नाही; ते बटण बंदच ठेव.

आता खरं काम, गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरने आत किती वाढवून घ्यायचा ते. इथे घाई करू नकोस. सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खाली, टोनची बटणं मधोमध. एकेक चॅनेल, म्हणजे एका माईकचा रकाना, घे. बुवांना सांग, "एक, दोन, तीन" नको, गजर चढतो तिथली ओळ पूर्ण ताकदीने म्हणा. चॅनेलचं पीएफएल (फेडर खाली असतानाही आवाज तपासायचं बटण) दाबून गेन हळूहळू वाढव. आवाजाची पातळी दाखवणारे दिवे शून्याच्या आसपास खेळावेत, लाल लागता कामा नये. मग फेडर वर घे. मी पहिल्यांदा हळू आवाजावर गेन लावला होता; गजर चढला आणि पेटीसकट सगळा आवाज फाटला. बुवा गायचे थांबले. ते मला अजून खुपतं.

लो-कटचं, म्हणजे खालचे खर्जाचे आवाज कापणारं बटण बुवांना, कोरसला, पेटीला दाब. मृदंगाला नको. धुम्याला (मृदंगाच्या डाव्या तोंडाला) कणीक लावून मृदंगमणी जो खर्ज काढतो, तोच ते बटण कापून टाकतं. झांजेला माईक देऊच नकोस, ती आपली आपण पोचते. एको, म्हणजे आवाजाचा पडसाद, तोही पहिल्या दिवशी बंद ठेव. आपल्याकडे तो आवडतो, पण शब्दांवर शब्द चढतात आणि आपण मिक्सर घेतला तो शब्दांसाठी.

स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. तरी शिटी वाजली तर कोरसवाल्यांचे हात बघ. माईकची जाळी मुठीत धरली की तो मागून येणारा आवाजही ओढू लागतो.

चालू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. एवढं मुलांनाही शिकवून ठेव.

शनिवारी तालीम असेल तर कळव. संध्याकाळच्या गाडीने येतो, मागच्या रांगेत बसून ऐकतो.

तुझाच,
मित्र