मंत्री बदलले, सरकार तेच आहे

सान्तोस, ब्राझील
१५ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. बंदरमंत्री बदलल्याचे ऐकून तुम्ही सरकार पडले का, नोकरीचे काय, असे विचारलेत. दोन्ही शाबूत आहेत, आईलाही सांगा.

आपल्याकडे आधी बहुमत जुळते, मग खुर्ची मिळते. २०१९ साली निकालानंतर त्यात महिना गेला. इथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी चार वर्षांसाठी येतात आणि बहुमत मागाहून जुळवत बसतात. यार्डातल्या मुकादमाने कंटेनरच्या पावतीमागे पेन्सिलीने मला ते मांडून दाखवले: वर ५१३, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या जागा, खाली २५७, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त, आणि कोपऱ्यात ७०, कारण राष्ट्राध्यक्ष लुलांच्या स्वतःच्या पक्षाला तेवढ्याही नाहीत. विधेयके मंजूर व्हायची तर खाती वाटावीच लागतात. गेल्या वर्षी आधीचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या आघाडीत असलेल्या दोन पक्षांचे मंत्री परवा शपथ घेऊन बसले. त्यांतल्या रिपब्लिकानोसकडे आमचे बंदर-विमानतळ खाते गेले आणि आधीच्या मंत्र्यांसाठी ३८वे मंत्रालय नव्याने काढले. ज्यांनी त्या पक्षांविरुद्ध मत दिले त्यांना काय वाटत असेल, हे माझ्या मनातून जात नाही. तरी कामकाज अडून राहण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटते.

मित्रपक्ष निघून गेला तरी इथे सरकार पडत नाही, कारण राष्ट्राध्यक्षांवर अविश्वास ठराव आणताच येत नाही. तुमच्यापासून लपवत नाही, धोका असतो तो महाभियोगाचा. २०१६ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांची साथ सर्वांत मोठ्या मित्रपक्षाने सोडली, एप्रिलमध्ये ३६७ खासदार त्यांच्याविरुद्ध गेले, ऑगस्टअखेर त्या पदावरून गेल्या आणि त्याच मित्रपक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर त्यांच्या जागी आले. तेव्हाही बंदरातले काम चालूच होते, असे मुकादम सांगतो. मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, माझा पगार कंपनी देते, तेव्हा काळजी करू नका.

पडवीच्या कौलांचे आणि धाकटीच्या लग्नाचे मिळून पैसे सोमवारी पाठवले आहेत. मुलाकडचे माघातला मुहूर्त म्हणत असतील तर माझ्या रजेसाठी अडवू नका. मी येण्याचा प्रयत्न करतो आहे. मंगळवारी गणपती. माटवी यंदा एकट्याने बांधू नका, शेजारच्या मुलांना बोलवा. आरतीच्या वेळी फोन चालू ठेवा. इथे पहाट असेल, पण मी जागा असेन.

तुमचा,
बाळू