प्लॅन पाठवत नाही, प्रश्न पाठवतो

लातूर,
शनिवार रात्र

प्रिय गड्या,

पत्र मिळालं. प्लॉटची मोजणी झाली, नाव लागलं, वाचून बरं वाटलं. खाली तू लिहिलंस, "३० बाय ५० चा एखादा छान प्लॅन पाठवून दे, मिस्त्री ओळखीचा आहे, पाडव्याला पाया खोदतो." प्लॅन पाठवत नाही. रागावू नको, पूर्ण वाच. आमच्या आर्किटेक्ट फर्मकडे येणारा प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो आणि घरातल्या बहुतेक चुकाही इथूनच सुरू होतात.

आर्किटेक्टच्या ऑफिसात पहिल्या बैठकीत पेन्सिल उचलत नाहीत. निदान उचलू नये. पहिल्या बैठकीत फक्त विचारायचं असतं. सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं, कुठे बसून चहा घेतं? आई जिना चढू शकतात का? शेतातून वर्षाला ज्वारीची किती पोती येतात, तुरीची किती? वाळवण कुठे घालणार? वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाला किंवा हुरड्याला किती माणसं मुक्कामी असतात? दोघा भावांचा स्वयंपाक एक की पुढे वेगळा होणार? हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यांनाच जड जातं, पण तो टाळला तर आठ-दहा वर्षांनी जिना घरातून काढून बाहेर घालावा लागतो आणि ते काम नवं घर बांधण्याइतकंच डोकं खातं. म्हणून पहिल्या बैठकीला एकटा येऊ नकोस. वहिनी आणि आई दोघी हव्यात. पुरुष माणूस हॉल आणि गेटबद्दल बोलतो, दिवसाचे दहा तास घरात काढणारं माणूस पाणी, धूर, ओटा आणि कपडे वाळवण्याबद्दल बोलतं. आखणीला दुसरी माहितीच जास्त लागते.

न विचारता आखलं की काय होतं ते आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी उभारली. घरं पक्की झाली, पण अनेक गावांची आखणी शहरी कॉलनीसारखी, सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या रांगा. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, म्हाताऱ्यांनी कुठे बसायचं? जुन्या घराला ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, होती; आलागेला तिथे बसायचा आणि आतल्या बायकांना आडोसा राहायचा. नव्या घरात तशी जागाच नव्हती. लोकांनी मग पत्रे टाकून, पडव्या काढून आपापल्या सोयीने ती जागा करून घेतली. घर भूकंपाला पुरलं तरी राहणाऱ्याला पुरलंच असं होत नाही, हे त्या पत्र्यांकडे बघून कळतं.

आता तुझ्या प्लॉटचा हिशेब. १५०० चौरस फूट म्हणजे साधारण १३९ चौरस मीटर. नियमाने किती जागा सोडायची ते रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरतं. २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली आहे, तुझ्या प्लॉटला त्यातलं काय लागू होतं ते आधी तपासायचं. समजा पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंनी ५ फूट सोडलं, तर उरतं २० बाय ३५, म्हणजे ७००. बाहेरची भिंत ९ इंची धर, आतल्या साडेचार इंची. भिंतींतच १०० चौरस फुटांच्या आसपास गेले. जिन्याचं बघ. मजल्याची उंची साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच, ७ इंच उंचीची पायरी धरली तर १८ पायऱ्या. मधे वळण घेऊन नऊ-नऊ केल्या, १० इंची पाय ठेवायला आणि ३ फूट रुंदी, की जिना बसतो साधारण पावणेदहा बाय साडेसहा फुटांत. पासष्टेक चौरस फूट तिथे गेले, खाली उभं राहायची जागा वेगळी. मोबाइलवर जे प्लॅन फिरतात त्यांत जिना बघ, नऊ इंची पायरी दाखवून तो कोपऱ्यात कोंबलेला असतो. आईंना त्यावरून एकदा चढायला लाव, मग कळेल.

तर ७०० मधले वापरायला ५०० च्या थोडे वर उरतात. हा आकडा आम्ही दुसऱ्या बैठकीत समोर ठेवतो आणि घरातला पहिला वाद त्याच दिवशी होतो. तो कागदावर झालेला बरा.

यानंतर एकेरी रेषांचे दोन-तीन कच्चे आराखडे निघतात. त्यांतला एक पसंत पडला की आमच्याकडची एक सवय आहे, ती तू कुणाकडेही गेलास तरी हट्टाने करून घे. प्लॉट साफ करून त्यावर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, खरं घर आखायचं, पूर्ण मापात. भिंतीच्या दोन्ही रेषा, दारं मोकळी सोडलेली. बेडरूममध्ये खाट नेऊन टाकायची, कपाटाच्या मापाचा पुठ्ठा ठेवायचा आणि कपाटाचं दार उघडल्यावर माणूस मधून जातो का बघायचं. वहिनींना ओट्यापासून फ्रिज, फ्रिजपासून ताटं मांडायची जागा असं चालायला लावायचं. उघड्यावर खोल्या असतात त्याहून लहान दिसतात, ते आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर लोक घाबरून सगळ्या भिंती दोन-दोन फूट सरकवायला लागतात. पण दार उलट्या बाजूला उघडायला हवं, मोरीचा उंबरा देवघरासमोर येतोय, असल्या गोष्टी नकाशात महिनाभर दिसत नाहीत आणि फक्कीत पाच मिनिटांत दिसतात. एका पोत्याचा खर्च आहे.

मातीचं काम मात्र याच्याही आधी. तुझ्या प्लॉटवर काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगांत हात जाईल इतकी. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. घराचं वजन कमी, मातीचा जोर जास्त, म्हणून बंगले तडकतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत पाच बाय पाच फुटांचे खड्डे घ्यायचे आणि कडक मुरूम लागेपर्यंत जायचं. सात-आठ फुटांत लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, त्या मुरमावर. फार खोल गेला तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घेतात. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट. जोत्याच्या बीमखाली तीनेक इंच पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलत नाही. आणि खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू द्यायची नाही. गुत्तेदार हमखास भरतो, कारण उचलून टाकायचं भाडं वाचतं. दोन पावसाळे झाले की फरशी मधोमध उचलते. मुरूमच भरायचा, सहा ते नऊ इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसलेला. घराभोवती तीन फुटांचा उताराचा कट्टा हवा, बाथरूमचा पाइप गळता नको आणि भिंतीला लागून बाग नको. वहिनींना मोगरा लावायचाच असेल तर कंपाउंडला लाव.

किल्लारीकडे दगडाच्या जाड भिंती मातीत रचलेल्या होत्या. दोन्ही तोंडांचे दगड बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं, म्हणजे सपाट धाब्याचं, फूट-दोन फूट मातीचं ओझं. हादऱ्याने भिंतीची दोन तोंडं सुटली आणि ओझं खाली आलं. आता कॉलम-बीम आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तीच चूक दुसऱ्या रूपात घडते. हॉल मोकळा दिसावा म्हणून मधला कॉलम काढा म्हणतात, खाली गाडीसाठी सगळं मोकळं आणि वर भिंतीच भिंती. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती पडल्या त्या अशाच. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा असतो आणि त्याच्या सहीशिवाय कॉलम हलत नाही. साइटवर तुला दोनच गोष्टी बघता आल्या तरी पुरे. कॉलम-बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक आत, काँक्रीटच्या पोटात वळलेले हवेत, ९० अंशांत नुसते टेकलेले नकोत. आणि छज्जाची सळई वरच्या बाजूला हवी. काँक्रीट टाकताना मजूर तीवर पाय देऊन खाली दाबतात आणि सेंटरिंग काढल्यावर छज्जा मान टाकतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. मेच्या मध्यात लातूरला दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. त्यावर चुन्याचा पांढरा हात किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. तिथे जिना, संडास, भांडारघर टाकायचं. कुलर लावणार असाल तर समोरच्या भिंतीला हवा निघायला खिडकी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते.

पाणी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते इथे कोण विसरेल? १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुझं छत ६५ चौरस मीटर धर, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला, तरी ३६,००० लिटर. हे पाणी धरायची नियमाने सक्ती मोठ्या प्लॉटना आहे, तुला नाही. पण जमिनीखालच्या हौदाची जागा आत्ताच आखली तर ती गाडीच्या खाली जाते. नंतर ठरवलं तर अंगण फोडावं लागतं.

आता कागदांचं. परवानगीसाठी जो नकाशा जातो तो नियम पाळल्याचा कागद आहे, त्यावरून बांधू नकोस. बांधायला वर्किंग ड्रॉइंग वेगळी लागतात. साध्या घरालाही पंचवीस-तीस शीट होतात. कॉलमच्या मध्यरेषा, फुटिंग, दार-खिडक्यांचा तक्ता, जिना, मोरीतल्या नळांच्या उंच्या, स्विचबोर्ड. फर्निचर ठरल्याशिवाय वायरिंगचं शीट काढत नाहीत, कारण स्लॅब पडायच्या आधी पंख्याचे डबे आणि पाइप आत जातात. ओट्याची उंचीसुद्धा वहिनींची उंची मोजून लिहायची, ३२ ते ३४ इंचांत कुठेतरी.

तुझा मिस्त्री चांगलाच असेल. पण नुसत्या मजुरीवर देणार की मालासकट, हे लेखी ठरव, आणि दर चौरस फुटावर असेल तर छज्जा, गच्चीचा कठडा, हौद त्यात धरलेत का ते लिहून घे. भांडणं तिथेच होतात. काँक्रीटला ५० किलोच्या सिमेंट गोणीमागे पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नको, वाळूतलं ओलं धरून. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, पण पाणी उडून गेल्यावर स्लॅबमध्ये छिद्रं राहतात. स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. आजकालच्या राखमिश्रित सिमेंटला निदान १० दिवस पाणी मार. आपल्याकडे पाण्याचा टँकर विकत आणावा लागतो म्हणून नेमका इथेच हात आखडतो.

फर्म निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नको. १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला आर्किटेक्चर परिषदेची नोंदणी लागते, तो नंबर माग. साइटवर कोण येणार, किती वेळा, पाया, जोतं आणि स्लॅबच्या आधी सळई कोण तपासणार, हे विचार. फी टप्प्याटप्प्याने असते: आराखडा, परवानगी, वर्किंग ड्रॉइंग, मग बांधकामाबरोबर. "फी राहू द्या, आपण नंतर बघू" म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नको. तो ती टाइल्सवाल्याकडून आणि सळईवाल्याकडून घेतो, म्हणजे तुझ्याकडूनच. आणि बदल करायचे ते जोतं व्हायच्या आत. जोतं झाल्यावर भिंत हलवायची म्हटलं की खालचा बीम हलत नाही, मग भिंत स्लॅबवर येते आणि इंजिनिअरचे फोन बंद व्हायला लागतात.

पाडव्याचा मुहूर्त असेल तर भूमिपूजन करून घे, नारळ फोड. खोदाई नको. त्याआधीच्या रविवारी तिघे या. येताना खाट, कपाट आणि देवघर यांची मापं टेपने मोजून आण, शेजारच्या घराला मुरूम किती फुटांवर लागला ते विचारून ये आणि मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स विसरू नको. फक्कीचं पोतं मी आणून ठेवतो.

आईंना नमस्कार.

तुझाच