पहाटे पाचला चाला म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला प्रदूषण, झोप आणि हृदय यांवरचा लेख वाचला. कारणं ठीक, पण उपाय? भर थंडीत हृदयरोग्याला ‘पहाटे पाचला उठून भरभर चाला’!

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर खालीच कोंडतो. सूर्य वर येईपर्यंत, साधारण सकाळी नऊपर्यंत, तो हटत नाही. रक्तदाब चढण्याची वेळही हीच, आणि हृदयविकाराचे झटके सकाळीच जास्त येतात. त्यात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून बाराला घरी येणाऱ्या इंदूरकराला पाचला उठवलं, तर झोप उरते किती? रात्री झोपेत दाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवा. झोप तुटली की तो उतरत नाही. वर धुरातल्या सूक्ष्म कणांनी नाक-घसा सुजला की घोरणं वाढतं, श्वास अडतो आणि दर अडण्यासरशी दाब उसळतो. चालायचंच तर नऊनंतर, नाहीतर दुपारी चारला.

तुम्ही छापता तो एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडाही मागच्या २४ तासांची सरासरी, पहाटेचा चढ त्यात विरून जातो. छोटी ग्वालटोलीच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा सकाळी सहाचा पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा, छापून पाहा. आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. इंदूरला स्वच्छतेतला पहिला नंबर झाडूने मिळतो. हे कण झाडूने जात नाहीत.

कमाल म्हणजे लेखात ‘खिडक्या बंद ठेवा’ आणि त्याच पानाच्या तळाशी डासांच्या कॉइलची जाहिरात! एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, हे मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा. प्युरिफायर घेणार असाल तर १२० चौरस फुटांच्या खोलीला ताशी सुमारे १४० घनमीटर स्वच्छ हवा देणारा, हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा घ्या. आवाज नको म्हणून तो रात्रभर ‘स्लीप’वर, म्हणजे सर्वांत मंद वेगावर ठेवला तर यातली निम्मीही हवा मिळणं कठीण, म्हणून एक माप मोठाच बरा.

रक्तदाब उठल्यावर तासाभरात मोजावा: लघवीला जाऊन आल्यावर, चहा-गोळीआधी, पाच मिनिटं टेकून बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवडाभराची सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर डॉक्टरांना २४ तास दाब मोजणाऱ्या यंत्राबद्दल विचारावं. एवढं लेखात चार ओळींत मावलं असतं.

आणि ते वरातीचे डीजे? वस्तीत रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबलची आहे. माणूस जागा झाला नाही तरी आवाजाने त्याची नाडी आणि दाब वाढतात. तुम्ही मात्र त्याच वरातींचे फोटो रंगीत छापता.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर